मेसेज टाकलाय, बघितला का?

परभणी जिल्ह्यातल्या आमच्या चारठाण्यात कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज टाकला की पाठोपाठ त्याचा फोन येतो.

"गुरुजी, मेसेज टाकलाय, बघितला का?"

"नाही अजून."

"बघा की मग."

"आता बोलतोच आहेस तर तूच सांग ना काय ते."

"समदं लिवलंय त्यात. बघा तुम्ही."

फोन ठेवून मोठ्या उत्सुकतेनं मेसेज उघडावा, तर त्यात दोनच शब्द: 'फोन करा.'

असल्या गावात जन्म घेऊन माझ्या पुतण्याला मेसेजिंग अ‍ॅप काढायची बुद्धी झाली. पोरगा पुण्याला इंजिनिअर झालेला. ऐन सोयाबीन काढणीत घरी आला आणि मदतीला विळा मागेल असं वाटत असताना ओसरीवर उभा राहून म्हणाला, "मी अ‍ॅप काढायलोय. लोकांनी एकमेकांशी बोलायचं."

वहिनी शेंगा निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "कामून? आधीच्या अ‍ॅपांनी काय घोडं मारलंय?"

प्रश्न बिनतोड होता. पण बिनतोड प्रश्न ऐकू येणं इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षातच थांबतं. तो म्हणाला, आधी रिसर्च करायचा. जगात कोणकोणती अ‍ॅप आहेत, कोणती चालली, कोणती बुडाली, लोकांना नक्की काय पाहिजे, याचा अभ्यास झाल्याशिवाय कोडची एक ओळ लिहायची नाही. आणि हा अभ्यास करणार कोण? तर काका. कारण काका शाळेतून निवृत्त झालेत, त्यांना चष्मा आहे, आणि गावातल्या यच्चयावत ग्रुपांत ते आहेत. "काका, तुम्ही म्हणजे रेडिमेड सॅम्पल आहात," तो म्हणाला. मी तेही कौतुक म्हणून घेतलं. एक दोनशे पानी रजिस्टर आणलं, पहिल्या पानावर 'श्री' काढला आणि खाली लाल शाईनं 'संशोधन' असं लिहिलं. लाल शाईची सवय जाता जात नाही.

ग्रुपांचं म्हणाल तर त्यात खोटं काही नव्हतं. चारठाण्यात एकेकाळी ३६० मंदिरं होती असं जुनी माणसं सांगतात. अजूनही कुणाच्या शेतात, कुणाच्या भिंतीत एखादी मूर्ती निघते. ग्रुपांची संख्या मात्र त्या आकड्याच्या पुढं गेली असावी असा माझा अंदाज आहे, आणि तेही कुठं कुठं गाडलेले निघतात. एकट्या आमच्या भावकीचे तीन. पहिला 'भावकी'. बांधावरून वाजल्यावर निघाला तो 'भावकी नवीन'. दोन्हींत समेट करण्यासाठी निघाला तो 'भावकी एकी'. यात सगळ्यात जास्त भांडणं होतात. शिवाय 'लाईट कधी येणार' नावाचा एक ग्रुप आहे. लाईट असली की त्यात कुणी काही विचारत नाही आणि लाईट गेली की सगळ्यांचे फोन बंद पडलेले असतात. असा शांत ग्रुप दुसरा नाही.

संशोधनाला मी इतिहासापासून सुरुवात केली. शाळामास्तर दुसरीकडून सुरुवात करूच शकत नाही.

आमच्या लहानपणी तार यायची. तारेची खुबी अशी की ती वाचायची गरज नसे. पोस्टमन नुसता वेशीतून आत वळला तरी आळीतल्या बायका पदर डोळ्याला लावून तयार असत. एकदा एका घरी रीतसर रडारड होऊन, पाहुण्यांना निरोप धाडून, मग तार उघडली तर त्यात 'बदली रद्द' एवढंच निघालं. आता रडणं मागं कसं घ्यायचं, म्हणून त्या घरानं बदलीबद्दलच थोडं आणखी रडून घेतलं. ही सेवा सरकारनं १४ जुलै २०१३ च्या रात्री बंद केली. तारेत शब्दाला पैसे पडत, त्यामुळं लोक जपून लिहीत. माणसाला शब्द फुकट मिळाले की तो काय करतो, हे पाहायला मात्र आमचे साडू आहेत.

आमचे साडू रोज पहाटे 'शुभ सकाळ' पाठवतात. गुलाबाचं फूल, वाफाळता चहा, उगवता सूर्य आणि खाली 'माणसं जपा' असा मजकूर. माझ्या लग्नात मानपानावरून रुसून जेवणाच्या पंगतीतून उठलेले हे गृहस्थ. त्यांच्यावर मी रजिस्टरात दोन कडक पानं लिहिली होती. पण पुढं वाचनात आलं की जगातला पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये नील पॅपवर्थ नावाच्या तरुण इंजिनिअरनं पाठवला, आणि त्यात मजकूर काय होता? 'मेरी ख्रिसमस'! म्हणजे मानवजातीचा पहिला मेसेज हाच मुळी सणाच्या शुभेच्छांचा. तोही सणाच्या तीन आठवडे आधी. आणि ज्याला पाठवला त्याच्या फोनवरून उलट मेसेज लिहायची सोयच नव्हती, त्यामुळं तो बिचारा 'तुम्हालाही' म्हणू शकला नाही. साडूंचं घराणं इतकं जुनं निघाल्यावर मी ती दोन पानं फाडली.

तरी त्यांना एवढं सांगितलं की, २०१८ च्या सुरुवातीला गूगलच्या लोकांनी भारतातले फोन पुन्हा पुन्हा का भरून अडकतात याचा शोध घेतला, तेव्हा तुमचीच फुलं सापडली. असली चित्रं हुडकून पुसण्याची सोय त्यांना फाईल्स गो नावाच्या अ‍ॅपात करावी लागली. साडू भारावले. "म्हणजे अमेरिकेपर्यंत जातात?" त्या दिवसापासून ते दुपारीही पाठवतात.

मग मी व्हॉट्सअ‍ॅपच्या मुळाशी गेलो. हे अ‍ॅप जान कूम यांनी २००९ साली काढलं, तेव्हा त्यात मेसेज नव्हतेच. व्यायामशाळेत असताना यांचे फोन चुकायचे, म्हणून यांनी अशी युक्ती काढली की आपल्या नावापुढं पाटी लावून ठेवायची: 'कामात आहे', 'बॅटरी संपत आलीय', 'व्यायाम चालू आहे'. समोरच्यानं पाटी बघावी आणि फोन करू नये. लोकांनी त्या पाट्यांचाच वापर गप्पांसाठी सुरू केला, तेव्हा मेसेज आले. पुढं २०१४ साली फेसबुकनं हे अ‍ॅप एकोणीस अब्ज डॉलरला घेतलं. म्हणजे बघा, 'आत्ता फोन करू नका' एवढं सांगण्यासाठी निघालेली ही सोय, आणि आमच्याकडं तिच्यावर मेसेज टाकून तो बघितला का हे विचारायला फोन करतात. मी ही हकिकत नानांना सांगितली. नाना म्हणाले, "मग त्या कूमला फोन लावून इचारलं का कुणी, की पाटी बघितली का म्हणून?"

नाना हे आमच्या संशोधनातले दुसरे सॅम्पल. यांच्याकडं बटणांचा फोन आहे आणि त्यातून त्यांनी उभ्या आयुष्यात कुणाला पुरता फोन लावलेला नाही. सगळा कारभार मिस्ड कॉलवर. एक रिंग म्हणजे मोटार चालू कर. दोन म्हणजे लाईट गेली. तीन म्हणजे चहा टाका, येतोय. चौथी रिंग वाजली तर नाना पडले असं समजून घरचे धावत सुटतात. २०१४ साली परदेशात 'यो' नावाचं एक अ‍ॅप निघालं होतं. त्यावर फक्त 'यो' एवढंच पाठवता येई, दुसरं अक्षर नाही, आणि त्याला दहा लाख डॉलरचं भांडवल मिळालं. बंगळूरच्या झिपडायल कंपनीनं तर मिस्ड कॉलचाच धंदा केला आणि ती २०१५ साली ट्विटरनं विकत घेतली. हे ऐकून नाना बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आन् आपण इतके वर्सं फुकटच वाजवायलो."

त्या संध्याकाळी माझ्या फोनवर त्यांच्या पाच रिंगा आल्या. पाचचा अर्थ कुणालाच माहीत नव्हता. चौकशी केली तेव्हा कळलं की ते पेटंट घेण्याबद्दल विचारत होते.

गुप्ततेच्या प्रकरणावर मात्र माझं संशोधन अडलं. पुतण्याचं म्हणणं, हल्ली लोकांना गुप्तता पाहिजे. व्हॉट्सअ‍ॅपनं २०१६ पासून मेसेजला असं कुलूप लावलंय की पाठवणारा आणि घेणारा सोडून कुणी वाचू शकत नाही, खुद्द कंपनीसुद्धा नाही. २०२१ च्या जानेवारीत त्यांचे नियम बदलणार म्हटल्यावर लोक एवढ्या संख्येनं सिग्नल नावाच्या अ‍ॅपवर धावले की सिग्नलच काही काळ बंद पडलं. मी हे सगळं आईला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "दुसऱ्या कुणालाच वाचता येत नाही?"

"कुणालाच नाही."

"मग मला वाचून कोण दाखवंल?"

याला सिग्नलवाल्यांकडं उत्तर नाही. शिवाय ही कुलपं ज्यांच्यासाठी केली ती माणसं जिंतूरहून चारठाण्याला येणाऱ्या एस.टी.त बसून स्पीकर चालू ठेवून बोलतात. एकाच्या सोयरिकीची बोलणी आख्ख्या गाडीनं ऐकली. मुलीकडच्यांनी आकडा सांगितला तेव्हा मागच्या सीटवरच्या बाईनं "लई व्हतंय" असा निवाडाही दिला, आणि पलीकडच्यांनी तो मान्य केला.

मेसेज बघितल्याच्या निळ्या खुणा व्हॉट्सअ‍ॅपवर नोव्हेंबर २०१४ मध्ये आल्या. त्याआधी नवरा-बायकोत भांडणाला विषय शोधावे लागत. आता 'बघून उत्तर दिलं नाही' हा विषय बारमाही झाला. ही खूण बंद करता येते असं कळल्यावर गावातल्या तमाम पुरुषांनी ती बंद केली, आणि बंद का केली, यावर आठवडाभर भांडणं चालली. आमचे मेहुणे यातले तरबेज. ते मेसेज उघडतच नाहीत. वर पट्टीत जेवढा दिसतो तेवढा वाचतात. त्यामुळं त्यांना प्रत्येक मेसेजचा पहिला भाग माहीत असतो. एका लग्नाला ते तारीख बरोबर धरून गेले, पण गाव पट्टीच्या खाली राहिलं होतं. अनोळखी मांडवात जेवून, आहेर देऊन आले.

'पाठवलेला मेसेज पुसा' ही सोय २०१७ ची. आमच्या ग्रुपांत जेवढं लक्ष 'हा मेसेज काढून टाकला आहे' या ओळीकडं जातं तेवढं दुसऱ्या कुठल्याच मजकुराकडं जात नाही. पुसणाऱ्याला लगेच फोन सुरू होतात. "काय पुसलंस?" "काही नाही, चुकून गेलं होतं." "काय चुकून गेलं होतं?" शेवटी तो बिचारा पुसलेला मजकूर एकेकाला तोंडी सांगतो.

आता पावसाचं. परभणी जिल्ह्यात पाऊस आभाळातून कमी आणि मोबाईलमधून जास्त येतो. शेजारच्या सेलू तालुक्यातल्या गुगळी धामणगावचे पंजाबराव डख यांचे अंदाज महाराष्ट्रभर फिरतात, आणि परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो. दोन्ही वाचून लोक शहाणे झाले असते, पण आमच्या ग्रुपात कुणीतरी गेल्या वर्षीचा अंदाज यंदा ढकलतो. तारीख वाचायची पद्धत नाही. मग एक म्हणतो पेरा, दुसरा म्हणतो थांबा, तिसरा 'शुभ सकाळ' टाकतो, आणि सगळे मिळून नानांच्या घरी जाऊन त्यांचा गुडघा दुखतोय का ते विचारून येतात. पेरणी गुडघ्यावर ठरते.

बुडालेल्या अ‍ॅपांची यादी करायला घेतली तेव्हा ते रजिस्टर स्मशानभूमीच्या नोंदवहीसारखं दिसायला लागलं. याहू मेसेंजर, २०१८. ब्लॅकबेरी मेसेंजर, २०१९. आपल्या देशातलं हाईक, जन्म २०१२, मृत्यू २०२१. स्काईप, मे २०२५. गूगलनं तर टॉक काढलं, हँगआउट्स काढलं, अलो काढलं आणि एकेक करून स्वतःच पोचवलं. पुतण्या म्हणाला, "काका, यांच्या मृत्यूचं कारण लिहा." मी बराच अभ्यास केला. तंत्रज्ञान उत्तम, चित्रं सुंदर, पैसा भरपूर. शेवटी सगळ्यांपुढं एकच कारण लिहिलं: 'नातेवाईक आले नाहीत.'

हे अनुभवाचे बोल आहेत. २०२५ च्या सप्टेंबरात झोहो कंपनीचं अरट्टई एकदम गाजलं. तसं ते २०२१ पासून होतं, पण तेव्हा रोजची नोंदणी तीन दिवसांत तीन हजारांवरून साडेतीन लाखांवर गेल्याचं झोहोचे श्रीधर वेंबू यांनी सांगितलं. स्वदेशी म्हटल्यावर मीही त्यात उतरलो. आत गेलो तर माझ्या ओळखीचा एकच माणूस होता, आणि तो म्हणजे ज्याची उसनवारी चुकवायला मी त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर ब्लॉक केलं होतं. त्यानं मोठ्या प्रेमानं लिहिलं, 'या गुरुजी.' साडेतीन लाखांत नेमका हाच. मी हिला म्हटलं, तू पण ये. ही म्हणाली, "अहो, माझ्या चारही बहिणी तिकडं आहेत, भिशी तिकडं आहे. एकटी इकडं येऊन तुमच्याशी काय बोलू? तुम्ही तर समोरच बसलाय."

बिनइंटरनेटची अ‍ॅपही असतात. ब्रायर नावाचं एक आहे, ते जवळच्या दोन फोनांत ब्लूटूथवरून निरोप पोचवतं. २०१४ च्या आंदोलनात हाँगकाँगच्या पोरांनी फायरचॅट नावाचं अशाच जातीचं अ‍ॅप वापरलं होतं. पुतण्या म्हणाला, याची चाचणी रेंज नसेल तिथं घेऊ. रेंज नसेल अशी जागा गावात एकमतानं सुचवली गेली: गोकुळेश्वराची बारव. मी खाली उतरायचं, पुतण्यानं वर थांबायचं, आणि निरोपांची देवाणघेवाण करायची. यादवकाळच्या दगडी पायऱ्यांवर बसून मी टाईप केलं: 'पोचला का?' काही येईना. थोडा वर चढलो. पुन्हा टाकला. काही नाही. शेवटी तोंड वर करून ओरडलो, "अरे, मेसेज टाकलाय, बघितला का?"

वरून उत्तर आलं, "काय?"

"मेसेऽऽज!"

बारवेत आवाज घुमतो. त्याच वेळी बाजूनं शेळ्या घेऊन एक म्हातारे चालले होते. त्यांना बारवेतून आलेला गुरुजींचा आवाज तेवढा ऐकू आला. त्यांनी आत डोकावून बघण्याचा वेळखाऊ मार्ग टाळला आणि थेट गावाकडं पळत सुटले. मी चष्मा पुसून पायऱ्या चढून वर येईपर्यंत दोन दोर, एक शिडी, खाट आणि पंचवीसतीस माणसं हजर होती. मला धडधाकट बघून त्यातले काही जण स्पष्टपणे नाराज झाले.

हे तर काहीच नाही. 'भावकी एकी'वर तोपर्यंत माझा सेवानिवृत्तीचा हार घातलेला फोटो 'भावपूर्ण श्रद्धांजली' या मजकुरासह पडला होता. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग. तीस वर्षं माझ्या हाताखाली शिकलेल्यांनी 'श्रद्धांजली' हा शब्द अकरा प्रकारे चुकवला होता. लाल पेन खिशात असून काही करता आलं नाही. मी टाकलं: 'मी जिवंत आहे.' त्याखालीही दोघांनी हात जोडले. साडूंनी लिहिलं, 'देवमाणूस गेला.' आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्याबद्दल चांगलं बोलले, म्हणून तेवढा मेसेज मी जपून ठेवलाय.

ज्यानं फोटो टाकला त्या अ‍ॅडमिनला फोन करून म्हटलं, बाबा रे, पूस ते. त्यानं घाईघाईनं पुसलं, पण 'सगळ्यांसाठी' ऐवजी 'माझ्यासाठी' हे बटण दाबलं. म्हणजे त्याच्या फोनमधून मी परत जिवंत झालो आणि बाकी भावकीत मेलेलाच राहिलो. असं चुकून दाबलं तर मागं घ्यायची सोय कंपनीनं २०२२ साली दिली आहे. पण ती पाच सेकंदांची आहे. पाच सेकंदांत आमच्या अ‍ॅडमिनला चष्म्याचं घर सापडत नाही. रात्रभर मी एकेका पाहुण्याला फोन करत होतो. मंठ्याच्या मावसभावानं तर उलट मलाच विचारलं, "तुम्हाला कुणी सांगितलं तुम्ही जिवंत आहात म्हणून? ग्रुपवर तर तसं काही आलं नाही."

त्या शेळ्यांवाल्या म्हाताऱ्यांकडं फोन नाही. गावभर बातमी त्यांनीच पोचवली होती. पुतण्यानं वही काढून त्यांचा वेग मोजला, आणि बराच वेळ कुणाशी बोलला नाही.

तेव्हा मला आमचे जुने कोतवाल आठवले. त्यांनी गावात पुष्कळ वर्षं दवंडी दिली. मी त्यांना भेटून म्हटलं, "काका, तुमच्या वेळी बरं होतं. एकदा दवंडी दिली की निरोप पोचला." ते हसायला लागले. म्हणाले, "कशाचं पोचायलंय गुरुजी. दवंडी देऊन घरी जाऊन टेकलो की एकेक जण दारात येयाचा, कशाची दवंडी व्हती रं म्हणून. मी म्हणायचो, आत्ता तुमच्या दारापुढंच वाजवली की. ते म्हणायचे, व्हय, हलगी ऐकली, पण तू काय म्हणलास?" ही माहिती मी रजिस्टरात दुहेरी रेघ मारून लिहिली.

सर्वेक्षणाचा भाग शेवटी केला. नव्या अ‍ॅपात काय काय पाहिजे, हे घरोघर जाऊन विचारलं. प्रत्येकाला दुसऱ्यानं मेसेज बघितला का ते कळायला हवं होतं आणि आपण बघितला ते कळायला नको होतं. वहिनींना असा मेसेज हवा होता जो जाऊबाई सोडून सगळ्यांना जाईल, पण सगळ्यांना गेलाय हे जाऊबाईंना कळेल. किराणा दुकानदाराला उधारीची आठवण अशी पाठवायची होती की गिऱ्हाईकाला ती दुसऱ्या कुणाकडून आल्यासारखी वाटावी. कॉलेजच्या पोरांना 'त्या वेळी रेंज नव्हती' असं शिक्क्यासह प्रमाणपत्र पाहिजे होतं. आईला वाचून दाखवणारा माणूस हवा होता. मेहुण्यांची मागणी पट्टी रुंद करण्याची. साडूंनी फक्त एवढंच विचारलं की फुलं कुठल्या बाजूला येतील.

एका घरी मी सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावची गोष्ट सांगितली. तिथं २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघर मोबाईल, टीव्ही बंद ठेवतात. सगळ्यांना कल्पना फार आवडली. चारठाण्यातही हे झालं पाहिजे असं सर्वानुमते ठरलं. त्यावर चर्चा करायला त्याच रात्री सात वाजता नवीन ग्रुप निघाला आणि ती चर्चा दीड वाजेपर्यंत चालली.

अहवाल वाचून पुतण्या म्हणाला, "काका, हे कशातच बसत नाही." पण 'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे त्याच्या रक्तात आहे. हार मानली नाही. सगळ्या मागण्या बाजूला सारून त्यानं एकच सोय असलेलं अ‍ॅप तयार केलं. मेसेज टाकला की समोरच्याला आपोआप फोन जातो आणि यंत्रातली बाई म्हणते, "मेसेज टाकलाय, बघितला का?" पहिली चाचणी घरातच घेतली. अनोळखी नंबर म्हणून वहिनींनी फोन उचलला नाही. फोन उचलला नाही म्हणून अ‍ॅपनं 'फोन केला होता' असा मेसेज टाकला. मेसेज टाकला म्हणून पुन्हा फोन गेला. दोन्ही फोनांच्या बॅटऱ्या संपल्या तेव्हाच हे थांबलं. नानांना हे प्रात्यक्षिक दाखवलं, तर ते म्हणाले, "रिंगा मोज. इतक्या रिंगांत मी आख्खा ऊस भिजवलाय."

सध्या पुतण्या हिंजवडीत दुसऱ्याच्या कंपनीत आहे. तिथं तो शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याशी अ‍ॅपवरून बोलतो आणि पगार घेतो. रजिस्टर माझ्याकडं आहे. कुणाला अ‍ॅप काढायचं असेल तर त्यांनी ते न्यावं, फक्त मागची चार पानं किराण्याच्या हिशेबाची आहेत, ती परत आणून द्यावीत.

वाचकांना एक विनंती. हा लेख कुणीतरी टाईप करून ग्रुपवर ढकलणार, हे मला माहीत आहे. जरूर ढकला, एका वेळी पाच ठिकाणी जातो. फक्त खालचं नाव माझंच राहू द्या. पु. लं.चं घालू नका. ते २००० साली गेले, व्हॉट्सअ‍ॅप त्यानंतर नऊ वर्षांनी आलं, आणि त्यांच्या नावावर आधीच आम्हा सगळ्यांचं बरंच काही जमा झालेलं आहे.